दोन्या प्रोवीने मोकळी ठेवलेली खुर्ची

दोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई, आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती, आणि दर गुरुवारी दुपारी तीन वाजता ती मेलेल्या माणसांशी बोलायची. दोन्ही कामांना एप्रन एकच. गुरुवारी फक्त तो उलटा करून घालायची, कारण आतली बाजू पांढरी होती.

मी तेल्मा. त्या बैठकीत हाताने लिहिलेलं प्रार्थनेचं पुस्तक वाचायचं काम माझं, कारण प्रोवीची नजर कमी झाली होती आणि मी पोस्टात नोकरी केलेली, त्यामुळे कुणाचंही अक्षर मला लागतं. माझ्या अंगात आजवर तापाशिवाय काही आलेलं नाही. बावीस वर्षं त्या टेबलाशी बसले, पण कुणा आत्म्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रोवी म्हणायची, "तेल्मा, तुझ्या तोंडाला घाबरतात ते." असेलही.

बैठक कशी चालायची ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पांढरा कपडा, मधोमध पाण्याचा पेला, बाजूला थोडी फुलं. कुणाच्या अंगात आलं की प्रोवी त्याला नाव विचारायची, कुणाशी बोलायचंय ते विचारायची आणि बोलून झालं की जाशील ना, असंही विचारून घ्यायची. शाळेच्या जेवणघरात पोरांना रांगेत उभं करावं तसं ती आत्म्यांना उभं करायची. सगळं झालं की बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायची, "झालं, आता जा," म्हणायची. अंगात आलेली बाई डोळे चोळत उठायची आणि कॉफी मागायची.

हे टेबल मुळात बाल्बिनाचं. प्रोवीला शिकवलं तिनेच. बाल्बिना गेली तेव्हा तिच्या मुलीने, इराइदाने, टेबल प्रोवीच्या घरी आणून दिलं. इराइदाच्या अंगात काही येत नव्हतं. तिचं कापडाचं दुकान होतं आणि ती माझ्यासारखीच कोरडी. पण तिला एक मुलगी होती, नोएलिया. वीस वर्षांची, गणितात हुशार, मायाग्वेसला कॉलेजात शिकायला गेलेली. नाताळात घरी आली ती परत गेलीच नाही.

आमच्या या पोर्तो रिकोच्या डोंगरात तरुण पोर एकटंच बोलायला लागलं, माणसांत मिसळेनासं झालं, की त्याला कुणी वेडं म्हणत नाही. म्हणतात, देणगी उमलतेय. टेबलाशी बसवा, शिकू द्या, सरळ होईल. पुष्कळदा होतंही सरळ, खोटं कशाला बोलू. त्यात नोएलिया तर बाल्बिनाची नात. तेव्हा इराइदाने जे जे सांगितलं त्याला आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पोरगी खोलीतून बाहेर येत नाही. मैत्रिणी आल्या तर दार उघडत नाही. केस धुतलेले नाहीत किती दिवसांत. बोलता बोलता मध्येच थांबते आणि कान देते. एकटीच हसते. रेडिओवरचा माणूस बातम्या देताना मध्येच आपल्याबद्दल बोलतो असं म्हणते. "आई अशीच ऐकायची," इराइदा म्हणाली. तिच्या बोलण्यात भीतीही होती आणि अभिमानही होता, आणि आम्ही नेमका अभिमानच उचलला.

सात गुरुवार नोएलिया आमच्यात बसली. ती काय बोलायची ते वाक्याला वाक्य लागून नसायचं. "तो बघतोय. दार त्यांनी मोजलंय. निळं आहे म्हणून चालणार नाही." एवढं म्हणून गप्प. पण समोर बसलेल्यांना तेवढं पुरायचं. एका विधवेचं दार निळं होतं, ती धाय मोकलून रडली. दुसऱ्या एकीला वाटलं बघतोय तो आपला मुलगा. मीसुद्धा दोन दिवस माझ्या निळ्या छत्रीचा विचार करत होते, म्हणजे बघा. प्रोवी तर खुलली होती. तिला सत्तरावं लागलेलं, गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. मार्चच्या पहिल्या गुरुवारी नोएलियाला टेबलाशी कायमची खुर्ची द्यायची असं तिने जाहीर केलं. इराइदाने पांढरा पोशाख शिवायला घेतला.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी इराइदाने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. तुरीच्या दाण्यांचा भात, भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेली कच्ची केळी, सगळं साग्रसंगीत. मी जेवत होते. प्रोवी जेवत नव्हती, ती नोएलियाचं ताट बघत होती. मी तिला कोपर मारलं, कारण चांगलं दिसत नाही ते.

परत येताना गाडी मीच चालवत होते. प्रोवीने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "तिने काय खाल्लं, पाहिलंस?"

मी म्हटलं, उकडलेली अंडी खाल्ली, केळी खाल्ली, संत्रं खाल्लं. पथ्यावर असेल, हल्लीच्या पोरी.

"अंडी तिने स्वतः सोलली. केळी सालीसकट उकडलेली घेतली, आईने सोललेली नाही घेतली. संत्रं कापून ठेवलेलं होतं ते सोडून टोपलीतलं अख्खं उचललं. भात नाही, मांस नाही, कॉफी नाही. पाणी नळाला तोंड लावून प्यायली. तेल्मा, जे दुसऱ्याच्या हाताने उघडलेलं आहे ते ती खात नाही."

एकतीस वर्षं या बाईने पोरांच्या ताटात उरलेलं पाहून सांगितलं होतं की कुणाच्या घरी भांडणं आहेत आणि कुणाचा दात दुखतोय. तिचं चुकत नसे. आणि तिने नुसतं पाहिलं नव्हतं. मी इराइदाची शिलाई बघत बसले होते तेव्हा प्रोवी भांडी विसळायच्या निमित्ताने नोएलियाजवळ उभी राहिली होती आणि हळूच विचारलं होतं, जेवणात काय असतं गं? नोएलियाने सांगितलं, आई वाईट नाही, पण आईच्या हातून ते लोक काहीतरी घालून घेतात. आईला कळतसुद्धा नाही. कोण लोक, तर कॉलेजातले, ते आता इथवर आलेत. आणि ते सारखं बोलतात. आता दोन्याने ताट उचललं, आता ती विचारणार, आता नोएलिया खोटं बोलणार, असं.

"हे आत्मे नव्हेत," प्रोवी म्हणाली.

मी म्हटलं, तुला काय माहीत. तेव्हा तिने आठवण करून दिली. तीन वर्षांपूर्वी पोन्सेच्या सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी आमच्या भागातल्या टेबलवाल्या बायांना नगरपालिकेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. आम्ही दोघीही गेलो होतो. मी तिथल्या केकसाठी गेले होते आणि मला केकच आठवत होता. प्रोवीला बाकीचं आठवत होतं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की असा एक आजार आहे, तो बहुतेक ऐन तारुण्यात येतो, आणि आधी हळूहळू माणूस सगळ्यातून अंग काढून घेतं. अभ्यास सुटतो, आंघोळ सुटते, चेहऱ्यावरचं हसू-रडू कमी होतं. मग आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, बोलण्याचा धागा तुटतो. तेव्हा आमच्यातल्या एका बाईने विचारलं होतं, मग आम्ही ऐकतो ते काय? डॉक्टर म्हणाला होता, ज्याने माणसाचं जगणं मोडतं त्याच्याबद्दल मी बोलतोय, बाई.

"सात गुरुवार मी टकटक केलं," प्रोवी म्हणाली. "सगळ्या उठल्या, ती नाही उठली. ती तशीच कान देऊन बसायची. मी पाहिलं ते, तेल्मा, पहिल्याच गुरुवारी पाहिलं. आणि स्वतःला सांगितलं, नवीन आहे, शिकेल. मला माझ्या जागी कुणीतरी हवं होतं गं."

मला उपाय सोपा दिसत होता, आणि मी तो सांगितलासुद्धा. डॉक्टरचं नाव काढलं तर इराइदा आपल्याला दारात उभं करणार नाही, पण स्वतःच्या आईचं ऐकेल. गुरुवारी तू बाल्बिनाच्या आवाजात सांग की नातीला पोन्सेला न्या. तुला बाल्बिनाची ढब येते, खोकणंसुद्धा येतं. पाच मिनिटांचं काम. कुणाचं नुकसान तर होत नाही ना?

प्रोवी माझ्यावर इतकी चिडली की मला गाडी हळू करावी लागली. म्हणाली, "त्या पोरीच्या डोक्यात खोटे आवाज कमी आहेत का, की मी आणखी एक घालू?"

मग ती बुधवारी इराइदाच्या दुकानात गेली आणि तोंडावर सांगून आली. मी दारात उभी होते, म्हणून ऐकलं. इराइदाने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या आईने तुला शिकवलं. आणि तू तिच्या नातीला वेडी म्हणतेस?"

"मी आजारी म्हणतेय."

"ऐकू येणं हा आजार असेल तर तुला काय झालंय, प्रोवी? तू तर चाळीस वर्षं आजारी आहेस."

प्रोवीने पर्स उचलली. ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला, कारण मी सांगितलेलं पाच मिनिटांचं काम केलं असतं तर हे ऐकावं लागलं नसतं.

गुरुवारी इराइदा मुलीला घेऊन आलीच, तिला पांढरा पोशाख घालून. खोलीत वीसेक माणसं होती. नोएलियाचे केस कुणीतरी जबरदस्तीने विंचरलेले दिसत होते आणि तिची नजर खिडकीवरून हलत नव्हती. प्रोवीने तिच्या गालाचा पापा घेतला, तिला माझ्या शेजारी भिंतीकडेच्या बाकावर बसवलं आणि टेबलाची ती खुर्ची मोकळी ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाली, "या मुलीला डॉक्टरची गरज आहे, आणि चूक माझी आहे, मी दोन महिने वाया घालवले." लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. म्हातारीला खुर्ची सोडवत नाही. बाल्बिनाच्या रक्ताचा हेवा वाटतो. पुढच्या गुरुवारी आम्ही सहाजणी होतो. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिघी, आणि त्यातली एक पाऊस आला म्हणून थांबलेली.

तीन आठवड्यांनी सकाळी इराइदा प्रोवीच्या दाराशी आली. पायात दोन वेगळ्या चपला. नोएलिया चार दिवस झोपली नव्हती, शेजाऱ्यांच्या अंगणात, त्यांच्या छतावरच्या अँटेनाखाली उभी होती आणि कुणी जवळ गेलं की किंचाळत होती. पोलिसांना बोलवा असं शेजारी म्हणत होते. "ती फक्त तुझं नाव घेतेय," इराइदा म्हणाली. ते म्हणताना तिला किती जड गेलं ते मी पाहिलं.

आम्ही गेलो. प्रोवी जवळ गेली नाही, लांबच उभी राहिली आणि डॉक्टरकडे जाऊया म्हणाली. नोएलियाने बराच वेळ ऐकलं, म्हणजे प्रोवीचं ऐकलं की आणखी कुणाचं, देव जाणे. मग तिने अट घातली. "तुम्हालाही येतात आवाज. तुम्हीही सांगायचं डॉक्टरला. आधी तुम्ही."

आता हे सोपं नव्हतं. आमच्या प्रोवीने चाळीस वर्षं डॉक्टर, पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक या तिघांसमोर आपल्या गुरुवारबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हॉलमधल्या त्या सभेतही ती मागच्या रांगेत बसली होती. तिला भीती होती की एकदा कागदावर आलं की लोक तिला वेड्यांच्या यादीत टाकतील. पण ती "बरं" म्हणाली आणि पर्स घेऊन गाडीत बसली.

पोन्सेपर्यंतचा रस्ता नुसता वळणांचा. नोएलिया मागे आई आणि प्रोवीच्या मध्ये बसली होती आणि ओठांतल्या ओठांत बोलत होती. दवाखान्यात डॉक्टर कोयासो नावाचा तरुण होता, मिशी नुकतीच राखलेली. मला वाटलं हा पोरगा काय करणार. इराइदा आणि मी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो. प्रोवीने पर्स मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, नाव, वय, टेबल, बाल्बिना, सगळं. तिचे कान लाल झाले होते.

तो हसला नाही, हे मी कबूल करते. त्याने एकेक विचारलं. कधी ऐकू येतं? गुरुवारी, बैठकीत. एरवी नाही? स्वयंपाक करताना? "स्वयंपाक करताना भाताला पाणी किती झालं ते बघायचं की त्यांच्याशी बोलायचं?" प्रोवी म्हणाली. ते तुम्हाला काही करायला सांगतात का? नाही, ते आपापल्या माणसांसाठी येतात. तुमच्याबद्दल आपसांत बोलतात? नाही. कुणी तुमच्या वाईटावर आहे असं वाटतं? हल्ली अर्धं गाव, पण ते खरंच आहे, तेल्माला विचारा. झोप लागते? घोरते. मैत्रिणी येतात? ही बसलीय ना, जातच नाही. थांबवायचं म्हटलं तर थांबतं?

"थांबतं," प्रोवी म्हणाली. "मी टकटक करते, जा म्हणते. जातात."

नोएलियाने तोवर मान वर केली होती. ती डॉक्टरकडे नाही, प्रोवीकडे बघत होती.

"माझे जात नाहीत," ती म्हणाली. "मी सांगून पाहिलंय. हात जोडून सांगितलंय. ते न्हाणीतही असतात."

मग ती बोलत राहिली. अडखळत, मध्येच थांबत, पण बोलली. दोन पुरुष होते, ते ती करेल ते मोठ्याने सांगत आणि तिला घाणेरडी म्हणत. एक बाई होती, ती कमी बोलायची. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या शेवटीच सुरू झालं होतं. आधी तिला वाटलं भिंतीपलीकडच्या मुली बोलतायत. मग तिने खोली बदलली, तर ते आवाज तिकडेही आले. तिने कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलंस तर आईला मारू असं ते म्हणत होते. इराइदा माझ्या शेजारी बसून हे ऐकत होती. पहिल्या वर्षाचा शेवट म्हणजे दहा महिन्यांपूर्वी. तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

डॉक्टरने त्या दिवशी आजाराचं नाव घेतलं नाही. नोएलियाला ठेवून घेतलं, रक्त तपासलं, डोक्याला मार लागला होता का, काही नशा करायची का, सगळं विचारलं. पंधरा दिवसांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. इराइदाने विचारलं, माझं काय चुकलं? तो म्हणाला, तुमचं काही चुकलं नाही, आईच्या वागण्याने हा आजार होत नाही. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, पण आणलंत हेही पुष्कळ आहे. प्रोवीला गोळ्या दिल्या नाहीत. तिचा रक्तदाब मात्र वाढलेला निघाला आणि मीठ बंद झालं, ते तिने आयुष्यात पाळलं नाही.

पुढचं सगळं गोडच झालं असं मी सांगणार नाही. गोळ्यांनी नोएलियाचे हात थरथरायचे, तोंड सुकायचं, वजन वाढलं. उन्हाळ्यात तिने बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि महिन्याभरात पुन्हा दवाखान्यात गेली. गणित काही परत हाती लागलं नाही. पण ती झोपायला लागली, केस धुवायला लागली, दुकानात कापड मोजून द्यायला लागली. दुपारी ती प्रोवीच्या ओसरीवर यायची. बैठक तोवर जवळजवळ बंदच पडली होती.

अशाच एका दुपारी आम्ही तिघी कॉफीच्या बिया निवडत बसलो होतो. नोएलिया म्हणाली, "दोन्या, ते दोघे गेले. आता अगदी क्वचित येतात, लांबून. बरं झालं. पण ती बाईपण गेली." मग एक किडकी बी बाजूला टाकून, "ती माझ्याशी चांगली वागायची. रडू आलं की झोप म्हणायची. कॉलेजात मला दुसरं कुणीच नव्हतं. ती आता कुठे असेल?"

मी प्रोवीकडे बघितलं. हा प्रश्न तिला चाळीस वर्षं विचारला जात होता. नवरा गेलेल्यांनी विचारला, लेकरं पुरलेल्या आयांनी विचारला. त्या प्रत्येकीला तिने सांगितलं होतं, आहे, इथेच आहे, तुझ्याजवळच आहे. माझा नवरा आंद्रेस गेला तेव्हा मलाही तिने हेच सांगितलं होतं, आणि मी कोरडी असूनही त्यावर जगले. आताही तेच म्हणाली असती तर पोरीला त्या दुपारपुरतं बरं वाटलं असतं.

प्रोवीने सूप बाजूला ठेवलं आणि नोएलियाचे दोन्ही हात हातात घेतले.

"ती कुठेच नाही, पोरी," ती म्हणाली. "ती नव्हतीच. तू इतकी एकटी होतीस की तुझ्या डोक्याने तुझ्यासाठी कुणीतरी करून दिलं."

नोएलिया रडली. घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशी, हुंदके देऊन, बराच वेळ. प्रोवीने तिला मांडीवर घेतलं आणि तीही रडत होती. मी बिया निवडत राहिले, पण चांगली कुठली आणि किडकी कुठली ते मला दिसत नव्हतं.